देहूचा वाणी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात आमचे किराण्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहतो. डाव्या अंगाला पिठाची गिरणी, समोर एस. टी.चा थांबा. सकाळी सहापासून गिरणीची घरघर, गाड्यांचे भोंगे, पोरांची रड आणि आई-आण्णांची पैशांवरून चाललेली बोलाचाली, या सगळ्यात मी शाळेचा अभ्यास केला आणि आता कॉलेजचा करतो आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आण्णा चौथी शिकले, आईला सही येते. त्यामुळे माझ्या शिक्षणाचे घरात कौतुक फार. पण अभ्यासाला शांतता लागते, हे मात्र कोणाला सांगून पटत नाही.

गल्ल्याच्या वर एका खिळ्याला उधारीची वही टांगलेली असते. आता बरीच गिऱ्हाइके मोबाईलवरून पैसे देतात, तरी वही सुटलेली नाही. ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो मोबाईलवरून तरी काय देणार? माझे अक्षर बरे म्हणून दहावीपासून ती वही मीच लिहितो. कोणाच्या घरी साखर संपली, कोण किलोभर तेलावरून पाव किलोवर आला, हे मला वहीवरून कळते.

गेल्या वर्षी आमच्या भागात पावसाने ओढ दिली. सोयाबीन हातचे गेले. दिवाळीनंतर घाऊक व्यापाऱ्याने माल देणे थांबवले, तेव्हा आण्णांनी मला वही घेऊन वसुलीला पाठवले. तिसरे घर माझ्याच शाळासोबत्याचे होते. तो दारात आला. माझ्या काखेतली वही त्याने पाहिली, आणि आम्ही दोघेही पैशांविषयी काही बोललो नाही. मी इकडचे तिकडचे विचारून परत फिरलो. घरी आल्यावर आण्णा संतापले. आई कोणाचीच बाजू न घेता भाकऱ्या थापत राहिली. त्या रात्री मी पुस्तक उघडून बसलो, पण एक ओळही डोक्यात शिरली नाही.

आण्णा माळकरी आहेत. एकादशी धरतात. संध्याकाळी दिवा लावल्यावर दुकानातच बसून हरिपाठ म्हणतात. मध्येच गिऱ्हाईक आले तर ओठ हलते ठेवूनच माल जोखतात आणि पुन्हा बसतात. त्या दिवशी मला ते सारे ढोंग वाटले. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात उधारीची वही, हे दोन्ही एका माणसाला कसे शोभते, असे मी मनाशी म्हणत होतो.

सुट्टी संपली. आमच्या मराठीच्या बाईंनी प्रत्येकाला एका संताच्या चरित्रावर वर्गात बोलायला सांगितले. मी तुकोबांचे नाव घेतले, ते केवळ सोपे म्हणून. कीर्तनात लहानपणापासून ऐकलेले. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपटही पाहिलेला. वाटले, दोन दिवसांत काम होईल. ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि पहिल्या काही पानांतच मी थबकलो. तुकोबा दुकानदार होते! लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद त्यांच्याही घरात होते. त्यानंतर मी ते चरित्र निव्वळ अभ्यास म्हणून वाचू शकलो नाही.

इंद्रायणीच्या काठी देहू गावात मोरे घराण्यात तुकोबांचा जन्म झाला. इ. स. १६०८ हे त्यांचे जन्मसाल बहुतेक ठिकाणी दिलेले आढळते; काही अभ्यासक ते आणखी मागे नेतात. घराणे कुणब्याचे, धंदा वाण्याचा. गावची महाजनकी घरात होती, शेती होती, सावकारी होती. पूर्वज विश्वंभरबोवा यांच्यापासून विठ्ठलाची भक्ती आणि घरच्या देवळाची पूजाही चालत आलेली होती. वडिलांचे नाव बोल्होबा, आईचे कनकाई. तीन भाऊ : थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. म्हणजे देव आणि दुकान ही दोन्ही तुकोबांना वारशातच मिळाली. आपल्या पुढे दोन वेगवेगळ्या वाटा आहेत, असे त्या घरात कोणाला वाटलेच नसावे.

थोरल्या सावजींचे मन प्रपंचात नव्हते. त्यामुळे वडिलांचा व्यवहार तुकोबांनी लहान वयातच अंगावर घेतला. पहिली पत्नी रखमाबाई हिला दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची मुलगी जिजाई हिच्याशी त्यांचे दुसरे लग्न झाले. काही काळ सगळे सुरळीत चालले. मग सतरा-अठरा वर्षांच्या वयात एकामागून एक तडाखे बसले. आई-वडील गेले. थोरली भावजय गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले ते परत आले नाहीत. माझ्या आजच्या वयाच्या आत या मुलाच्या डोक्यावर दुकान, शेती, दोन बायका, मूल आणि धाकटा भाऊ असा सारा भार आला होता. हे वाचताना मला माझी तिसऱ्या घरून परत फिरण्याची गोष्ट फार लहान वाटू लागली.

त्यानंतर दुष्काळ आला. १६३० च्या आसपासचा हा दुष्काळ दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांच्या इतिहासात नोंदलेला आहे. पाऊस नाही, धान्य नाही, गुरे मेली, माणसे गाव सोडून चालली. त्यातच शहाजहानच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या, आणि त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. अशा काळात उधारीवर चालणारे दुकान किती दिवस तग धरणार? येणे वसूल होईना, देणे चुकेना. तुकोबांचे दिवाळे वाजले. बाजारातली पत गेली. रखमाबाई अन्नावाचून गेली, आणि पहिला मुलगा संतोबा हाही त्या दिवसांत दगावला. पत्नीचे अन्नावाचून मरणे, त्याची लाज आणि व्यापारातली खोट हे सगळे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. संतांच्या चरित्रात चमत्कार पुष्कळ असतात. इतकी साधी आणि इतकी जीवघेणी कबुली क्वचित असते.

घरातले मन उडाले तेव्हा तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. तिथे त्यांनी पंधरा दिवस एकांतात काढले, असे परंपरा सांगते. धाकटे कान्होबा त्यांना शोधत गेले. इथे मला दोन भावांतला फरक दिसला. सावजींनी घर सोडले ते कायमचे. तुकोबाही गेले, पण परत आले. शांती डोंगरावर मिळते आणि ती घेऊन डोंगरावरच राहायचे असते, असे त्यांनी मानले असते तर देहूला त्यांचे नाव कोणी घेतले नसते.

परत आल्यावर इंद्रायणीच्या काठी त्यांनी घरातली खते, म्हणजे लोकांकडून येणे असल्याचे कर्जरोखे, मागवून घेतले आणि ते नदीत सोडले. ही गोष्ट मी दहा वेळा कीर्तनात ऐकली होती. बुवा ती रंगवून सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. परंतु त्यातला एक तपशील माझ्या कानावरून गेला होता. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. आधी वाटणी केली. निम्मी खते कान्होबांना दिली आणि केवळ आपल्या हिश्शाची पाण्यात सोडली. धाकट्या भावाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या विरक्तीच्या क्षणीसुद्धा त्यांना उमगले होते. दुकानदाराच्या घरातला मुलगा म्हणून मला हे फार मोठे वाटले. वैराग्याच्या भरात दुसऱ्याचे उडवून देणे सोपे असते. हिशेब चोख करून मग फक्त स्वतःचे सोडणे कठीण असते.

आणि त्या निम्म्या खतांत काय होते? त्याच दुष्काळात होरपळलेल्या शेजाऱ्यांची नावे. ते कागद घरात राहिले असते, तर तुकोबांना प्रत्येक दारात जावे लागले असते, आणि प्रत्येक दारात कोणीतरी मान खाली घालून उभा राहिला असता. कागद गेले आणि देणेकऱ्यांची मान मोकळी झाली, तशीच घेणेकऱ्याचीही झाली. तुकोबांच्या शांतीची सुरुवात मला या ठिकाणी दिसते.

पुढे त्यांनी केले काय, हेही पाहण्यासारखे आहे. घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ पडझडीला आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. दगडमातीचे काम केले. एकादशीला कीर्तन सुरू केले. सुरुवातीला त्यांना त्याचा सराव नव्हता. दुसरे कीर्तन करीत तेव्हा ते मागे उभे राहून ध्रुपद धरीत. आधीच्या संतांची वचने त्यांनी पाठ केली. अंगमेहनतीने कोणाच्या उपयोगी पडता आले तर पडावे, असा नेम ठेवला. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात गुरुमंत्र दिला आणि नामदेवांनी स्वप्नातच कवित्वाचे काम सोपवले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर ते चिंतनाला जात आणि पुन्हा देहूला, घरी, येत. हा जाण्या-येण्याचा क्रम आयुष्यभर राहिला.

अभंगांची गाथा मी पूर्ण वाचली आहे असे म्हणणार नाही. साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. परंतु जेवढी वाचली त्यावरून माझी एक समजूत खोटी ठरली. मला वाटे, खते बुडवली आणि माणूस शांत झाला. तसे नाही. गाथेत देवाशी भांडण आहे, स्वतःचा राग आहे, आपण ढोंगी तर नाही ना ही शंका आहे. ज्या मनाला आपण शांत म्हणतो, ते इतके दिवस स्वतःशी झुंजत होते. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा झाली, तेही बरेच झाले, असा भावही त्यांच्या एका अभंगात येतो. तो वाचून मला प्रथम राग आला. दुष्काळाला बरे कसे म्हणायचे? नंतर ध्यानात आले की हे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या दुष्काळाविषयी म्हटलेले नाही. स्वतः भोगल्यावर, स्वतःच्या दुःखाचा हिशेब पुरा करताना म्हटले आहे. उपाशी शेजाऱ्याला ते असे सांगायला गेले नाहीत. त्याची खते मात्र त्यांनी नदीत सोडली.

मग दुसऱ्यांदा इंद्रायणीचा प्रसंग आला. शूद्राने वेदार्थ सांगणारे कवित्व करू नये, असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वरभटांनी घेतला आणि अभंगांच्या वह्या तुकोबांना नदीत बुडवाव्या लागल्या. पहिल्या वेळी कागद त्यांनी आपण होऊन सोडले होते, या वेळी ते सोडायला लावले गेले. तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी टाकून नदीकाठच्या शिळेवर बसून राहिले. पुढे वह्या पाण्यावर तरंगून आल्या, ही श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. लोकांना अभंग पाठच होते, म्हणून ते तरले, असाही अर्थ लावला जातो. मला त्या तेरा दिवसांचे महत्त्व अधिक वाटते. ज्याने सावकारी हसत सोडली, त्याला आपले शब्द गेलेले सोसले नाहीत. म्हणजे शांत माणसाला काहीच लागत नाही असे नसते. काय सोडायचे आणि कशासाठी ठाण मांडून बसायचे, हे त्याला कळलेले असते. आणि ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या, तेच रामेश्वरभट पुढे त्यांचे अनुयायी झाले. चाकणचे संताजी जगनाडे तेली होते, बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या होत्या. त्या दुकानदाराच्या कीर्तनात असे सगळे एकत्र बसत.

हे सगळे मी एका रविवारी आईला सांगत होतो. आई तांदूळ निवडत ऐकत होती. खते बुडवल्याचे ऐकून तिने विचारले की दुसऱ्या दिवशी त्या घरात चूल कोणी पेटवली? माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तकांत आणि कीर्तनांत जिजाई कजाग म्हणून येते. नवऱ्याला टोचून बोलणारी, विठ्ठलाच्या नावाने बोटे मोडणारी. परंतु हीच जिजाई नवऱ्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असेही त्याच कथा सांगतात. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे तिनेच वाढवले. सावकाराच्या घरातून आलेल्या त्या बाईने दुष्काळ पाहिला, सवतीचे मरण पाहिले, दिवाळे पाहिले. तुकोबा गेले तेव्हा नारायण तिच्या पोटात होता. तिला डोंगरावर जाऊन बसण्याची सोय नव्हती. तुकोबांच्या शांतीखाली जिजाईच्या कष्टांचा पाया आहे, हे मान्य केल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. वर्गात मी हे बोललो तेव्हा बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी हे लिहून काढ असे सांगितले. हा लेख त्यातूनच झाला.

फाल्गुन वद्य द्वितीयेला, १६५० साली तुकोबा गेले, असे मानले जाते. काहींच्या मते हे साल १६४९. वारकरी या तिथीला तुकाराम बीज म्हणतात. जो मुलगा बापाला पाहूही शकला नाही, त्या नारायणबोवांनी पुढे १६८५ साली देहूहून पंढरपूरला पालखी सुरू केली. आषाढीच्या वाटेवर ती आजही चालते. त्या वाटेवर गर्दी असते, चिखल असतो, पाय सुजतात, आणि लोक त्यातच गात असतात. एकांतात बसलेल्या माणसाच्या नावाने इतकी गर्दी चालावी, हे मला पूर्वी विचित्र वाटे. आता वाटत नाही.

राहिली आमची वही. परीक्षेच्या आधी गावी गेलो तेव्हा खतांची वाटणी मी आण्णांना वाचून दाखवली. मला वाटले त्यांना नवल वाटेल. त्यांनी तागडीच्या पारड्यातला गूळ पुडीत बांधला, गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले की आपल्याला वही बुडवता येणार नाही, तिच्यातले निम्मे पैसे घाऊक व्यापाऱ्याचे आहेत. म्हणजे कान्होबांचा हिस्सा आण्णांना माझ्या आधी कळला होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर माझी जुनी पुस्तके शोधताना आण्णांच्या हातच्या जुन्या वह्या सापडल्या. चाळून पाहिल्या. काही पानांवर नावावरून एक आडवी रेघ मारलेली होती, आणि खाली जमा असे कुठेच लिहिलेले नव्हते. नावे ओळखीची होती. एक घर असे की कर्ता माणूस विहिरीच्या कामावर गेला होता. दुसरे असे की मुलीच्या दुखण्यात शेत गेले. गेल्या वर्षी वसुलीला मला ज्या घरांची यादी दिली होती, तिच्यात यांपैकी एकही घर नव्हते. आमच्या गावाला नदी नाही. आण्णांनी आपल्या हिश्शाची खते माळ्यावर टाकली होती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. आईला मात्र ठाऊक होते. तिने मी विचारल्यावर एवढेच सांगितले की त्या वर्षी दिवाळीला घरात नवे कपडे आले नव्हते, ते का, हे आता तुला कळले.

मित्रहो, मला शांती सापडली असे लिहिण्याचे धाडस मी करणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने तसे लिहू नये. व्यापाऱ्याचे देणे अजून पुरे फिटलेले नाही, गिरणी तशीच घरघरते आहे, आणि आई-आण्णांची बोलाचाली महिन्याच्या शेवटी होतेच. एवढेच झाले आहे की मी अभ्यासासाठी शांत जागा शोधत हिंडणे सोडले. गावी असलो की संध्याकाळी गल्ल्याशेजारी पुस्तक घेऊन बसतो. गिऱ्हाईक आले की उठतो, माल जोखतो, वहीत लिहितो आणि पुन्हा त्याच ओळीवर येतो. आण्णा पलीकडे हरिपाठ म्हणत असतात. मध्येच त्यांचे ओठ थांबतात आणि ते किंमत सांगतात. मला आता ते ढोंग वाटत नाही.

तो शाळासोबती मागच्या महिन्यात एस. टी.च्या थांब्यावर भेटला. आम्ही चहा घेतला. चहाचे पैसे त्याने दिले, आणि मी ते देऊ दिले.